तीन-तीन मिनिटांची गाणी

बायकोने ओले हात नॅपकिनला पुसले, पाकिटातून रेकॉर्ड अर्धी बाहेर ओढली आणि चिमटीत धरली.

"कडेला धर, कडेला," दंतवैद्य खुर्चीतून म्हणाले. "ठसे उमटतात बोटांचे."

"आत्ताच साबणाने धुतलेत हात."

"साबण तर त्याहून वाईट."

तिने रेकॉर्ड तशीच यंत्रावर ठेवली. या छोट्या रेकॉर्डचं मधलं भोक मोठं असतं, त्यात आधी पिवळी चकती बसवावी लागते, हे ती पुन्हा विसरली होती. रेकॉर्ड तिरकी सरकली, सुई चरचरली. दंतवैद्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांच्या खुर्चीत बसलेले रोगी पूर्वी मिटून घ्यायचे तसे.

खुब्याचं हाड मोडायला कारण या रेकॉर्डच झाल्या होत्या. दवाखाना बंद केल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता. जुन्या बाजारात जायचं, खोकी उपसायची, एका बाजूला एकच गाणं असलेल्या या सिंगल शोधून आणायच्या आणि दातांच्या मऊ ब्रशने त्यांच्या रेघांतली धूळ काढत बसायचं. माळ्यावरचं खोकं काढायला ते स्टुलावर चढले. "मी धरते स्टूल, थांबा," असं बायको आतून म्हणेपर्यंत ते खाली आलेही होते.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण उठायची बंदी होती, आणि सिंगलचं गाणं तीन मिनिटांत संपतं. संपलं की कुणीतरी उठायला हवं.

"मोठ्या रेकॉर्ड नाहीत का तुमच्याकडे? एकदा लावली की अर्धा तास बघायला नको," तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"त्यांत मजा नाही."

"मजा तुमची, खेटे माझे."

तरी ती खेटे घालत राहिली. कणीक मळता मळता, इस्त्री अर्धी टाकून. दंतवैद्य खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकत राहिले. वरच्या दोन खणांतलंच काढ. खालच्या कपाटाला हात लावू नकोस, तिथे माझ्या जपून ठेवलेल्या आहेत. पाकीट उभं ठेव. फुंकर मारू नकोस.

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने या खोलीत बसून एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. दिवसभर कानाला यंत्र आणि कानात परक्यांचे आवाज. घरी आल्यावर तिला भांड्यांचा आवाजही नकोसा व्हायचा. मग दंतवैद्य दार लोटून घ्यायचे, आवाज बारीक करायचे आणि एकटेच ऐकायचे. भांडण म्हणून कधी झालं नाही. दार तेवढं लोटलेलं राहिलं. ती निवृत्त झाली, तरी ते उघडायचं कुणाला सुचलं नाही.

एका दुपारी तिने एक सिंगल लावली आणि दंतवैद्य खुर्चीत ताठ झाले.

"उलटी लावलीस."

"म्हणजे?"

"ही मागची बाजू. मागे काही नसतं. जागा भरायला कसलंतरी गाणं टाकतात. उलट ती."

ती उलटायला वाकली आणि तशीच थांबली. अकॉर्डियनच्या सुरावर एक बाई गात होती. आवाज साधाच होता.

"हिला घाई आहे," बायको म्हणाली.

"कसली घाई? लय तर संथ आहे."

"लय नाही हो. बाईला. घरी जायची घाई आहे. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कसा आवरून घेते, ऐका. ड्यूटी संपत आली की एक्स्चेंजमधल्या आमच्या मुली अशाच बोलायच्या. शब्द गोड, पण एक पाय दाराबाहेर."

दंतवैद्यांनी ऐकलं. ही सिंगल त्यांच्याकडे कितीतरी वर्षं होती. तिच्या पाकिटाचा रंग, छापखान्याची खूण, कडेचा बारीक टवका, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ही बाजू त्यांनी कधी लावली नव्हती. आणि खरोखरच, ओळ संपताना बाई शब्द हलकेच मिटून टाकत होती.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिने पुन्हा लावली. मग इस्त्री बंद करून आली आणि वेताचा मोडा ओढून खोलीतच बसली.

तेव्हापासून दोघं मागच्या बाजू ऐकू लागली. निवड ती करायची; पाकिटाचा रंग आवडला म्हणून, नाहीतर नुसतंच हाताला लागलं म्हणून. एका गायकाला तिने दुसऱ्याच ओळीला पकडलं.

"हा खोटं बोलतोय."

"गाण्यात कसलं खोटं?"

"म्हणतोय वाट बघेन. हा कसला बघतोय! दोन दिवस वाट बघेल आणि तिसऱ्या दिवशी तिच्या बहिणीला फोन लावेल."

दंतवैद्य इतके हसले की खुब्यातून कळ आली. ती धावत उशी घेऊन आली, आणि उशी देताना तिलाही हसू आवरेना.

पुढच्या तपासणीला हाडांच्या डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं.

"सुटले बाई एकदाची," रिक्षात बसताना ती म्हणाली. "तुमचं राज्य तुम्हाला लखलाभ."

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेली तेव्हा दंतवैद्य काठी टेकत उठले. चकती बसवली, कडेला धरून रेकॉर्ड ठेवली, सुई अलगद टेकवली. कुठे चरचर नाही, ठसा नाही. गाणं संपेपर्यंत ते उभेच राहिले. मग त्यांनी मोड्याकडे पाहिलं आणि यंत्र बंद केलं.

ती परतली ती घामाघूम होऊन. पाव, दोन बल्ब, कांदे टेबलावर ठेवले आणि पिशवीच्या तळातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"तुमच्या त्या जुन्या बाजारावरून येत होते. एक खोकं दिसलं. म्हटलं बघावं." तिने कागद सोडला. "आहे का ही आपल्याकडे?"

दंतवैद्यांनी सिंगल हातात घेतली. पाकीट फाटलेलं, रेकॉर्डवर कुणीतरी खिळ्याने गिरवल्यासारखे ओरखडे. असा माल ते खोक्यातून उचलतही नसत. शिवाय ही त्यांच्याकडे होती. खालच्या कपाटात, पहिल्या छपाईची, न वाजवल्यासारखी कोरी.

तिने चष्मा काढून पुसला आणि वाट बघत उभी राहिली.

"नाही," ते म्हणाले. "ही नव्हती आपल्याकडे."

"बघा!" ती म्हणाली. "आणि मी तर घेऊ की नको करत होते."

"लाव ना."

"आता तुम्हाला उठता येतं की."

"तू लाव."

तिने लावली. बोटं सगळीकडे लागली. गाणं कढईत मोहरी टाकावी तसं तडतडत होतं. ती मोड्यावर बसून मन लावून ऐकत होती.

आठवड्याभराने दंतवैद्यांचा रेकॉर्ड जमवणारा मित्र भेटायला आला. बायको शेजारी गेली होती. दंतवैद्य काठीवर भार देत वाकले, खालच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि एक पाकीट त्याच्या हातात दिलं.

मित्राने पाकीट बघितलं, उजेडात धरून रेकॉर्ड बघितली, मग दंतवैद्यांकडे बघितलं.

"पडलास तेव्हा डोक्यालाही लागलं की काय? ही देतोयस?"

"माझ्याकडे दुसरी आहे."

"हिच्याहून चांगली?"

बाहेर फाटक वाजलं. दंतवैद्यांनी घाईने पाकीट मित्राच्या पिशवीत सरकवलं आणि वरून वर्तमानपत्र टाकलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. "चल, आता चहा घेऊन जा."