बेडकीला एकच बसवा

“एकच बसवा,” मामा म्हणाले.

माझ्या गॅरेजात मी वाकून प्लग काढत होतो, तो तसाच थांबलो. “एकच काय?”

“कार्ब्युरेटर हो. हे दोन्ही काढा आणि एकच मोठा बसवा. मधे तो दोन तोंडांचा पाइप लावतात ना, तसा.”

मामा म्हणजे माझे सासरे. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला पान्हा खाली ठेवावा लागला. लग्नाआधी मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी ना माझा पगार विचारला ना शिक्षण. विचारलं एवढंच, “दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकला कार्ब्युरेटर किती हवेत?” मी म्हणालो, दोन; प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल-हवा पाजणारा आपापला. तेवढ्यावर मुलगी मिळाली. असा हा माणूस आज म्हणतो, एकच बसवा!

ती गाडी म्हणजे त्यांची बेडकी. मोटारसायकलचं हँडल, तसंच सीट, पण खाली चार गुबगुबीत चाकं. वाळूत रुतत नाही म्हणून पाणीखात्यानं ती मामांना दिलेली. गावाबाहेर वाळूचं मैदान आहे आणि त्यापलीकडे पंपघर. मामा रोज सकाळी तिथे जाऊन पंप सुरू करतात, मग आमच्या नळांना पाणी येतं. वाटेत वाळूचं एक भलंमोठं टेकाड लागतं. शहाणी माणसं त्याला वळसा घालतात. मामा मात्र इतकी वर्षं नाकासमोर, सरळ वर. बेडकी किंचाळत चढायची आणि चहाच्या दुकानातले लोक हातातला कप हातातच धरून बघायचे. त्या चढाला शेवटचा जो दम लागतो ना, तो दोन कार्ब्युरेटरांनीच मिळतो. एक लावला तर सुरुवातीची ओढ छान, कटकट कमी, पण वरचा दम जातो. हे मला मामांनीच शिकवलेलं!

“पण का, मामा?”

“का म्हणजे? सासरा सांगतोय म्हणून,” असं म्हणून त्यांनी मला प्लग परत लावायला लावला आणि ते बेडकी घेऊन निघाले.

आता मी पडलो चौकस. बायकोच्या भाषेत भोचक. त्यातून माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. कारण कळल्याशिवाय मला जेवण जाईना. पेट्रोल वाचवायचं म्हणावं, तर ते खात्याचं. गाडी कुणाच्या गळ्यात मारायची म्हणावी, तर तीही खात्याचीच. मामींनी भुणभुण लावली असेल, असं वाटून मी सासुरवाडीला जाऊन थडकलो.

“मला काय विचारता?” मामी म्हणाल्या. “बेडकीचं नाव काढलं की घरात अबोला सुरू होतो. ती माझी सवत आहे, सवत! आणि हल्ली यांचं एकेक खूळ बघा, दाढी डाव्या हाताने करतात. गाल कापून घेतला परवा.”

मी हसलो. पण परतताना रस्त्यात ते हसू कुठेतरी गळालं. डाव्या हाताने?

दुसऱ्या दिवशी मामा आले ते बेडकी घेऊनच. “टाकीचं झाकण तेवढं उघडा,” म्हणाले. स्वतःच्या बेडकीच्या टाकीला दुसऱ्याचा हात लागू न देणारा माणूस! मी झाकण उघडलं आणि साळसूदपणे म्हणालो, “मामा, काढायच्या आधी एकदा दोघांचा आवाज ऐकू. जरा रेस द्या.”

बेडकीची रेस मोटारसायकलसारखी मूठ पिळून द्यायची नसते. उजव्या मुठीशेजारी एक खटका असतो, तो अंगठ्याने दाबायचा. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तळहाताच्या टाचेने खटका रेटला. इंजिन एकदम ओरडलं आणि गप्प झालं.

“अंगठा?” मी विचारलं.

मी त्यांचा हात हातात घेतला. चार बोटं नेहमीसारखी राकट, आणि अंगठा मात्र नुसता आपला शेजारी पडलेला.

“झोपलाय लेकाचा,” मामा म्हणाले. “दाबायला गेलं की उठतच नाही. डॉक्टर म्हणतात मानेतली नस आहे. पुन्हा पहिल्यासारखं काही होणार नाही म्हणे.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन कार्ब्युरेटर म्हणजे आत दोन स्प्रिंगा. खटका दाबताना बिचाऱ्या अंगठ्याला दोघींशी झोंबावं लागतं. एकच असला तर एकीशीच.

“स्प्रिंगा नरम घालू का?”

“म्हणजे खटका सोडल्यावरही गाडी पळत राहील. मारता का मला?”

“मग मोटारसायकलची मूठ बसवतो.”

“मूठ वळली असती तर झाकण मीच नसतं का उघडलं? सगळा विचार करून झालाय माझा. हलका खटका असला तर अजून रेटेन मी.”

“पण मामा, टेकाड चढणार नाही हो ती.”

“वळसा घालीन,” ते म्हणाले. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “साहेबांना कळलं तर मला ऑफिसात बसवतील. टेबल, खुर्ची, वर पंखा. मी मरेन हो त्या खुर्चीत! पंप सुरू झाला की पाइपातून पाणी पुढे सरकतं, ते पायाखाली जाणवतं. रोज वाटतं, चला, निघालं गावाकडे. तेवढं मला हवंय. आणि तुमच्या तर तोंडात...”

“तीळ भिजत नाही. माहीत आहे मला.”

दुपारभर खपून मी एक कार्ब्युरेटर बसवला. पेट्रोल सोडणारे जेट बदलले, पाइपाचे सांधे तपासले आणि शेवटी खटका माझ्या करंगळीने दाबून पाहिला. लोण्यासारखा दबला. काढलेले दोन्ही कार्ब्युरेटर मात्र रॉकेलमध्ये धुऊन फडक्यात गुंडाळून वर ठेवले. कशासाठी, ते विचारू नका.

बेडकी टेकाडाला वळसा घालून जाते, ही बातमी चहाच्या दुकानात पोचायला कितीसा वेळ लागणार? एकदा मी तिथे शिरलो तर पाणीखात्याचे साहेबच बसलेले.

“काय हो, मेकॅनिक,” त्यांनी विचारलं, “तुमची बेडकी दमली की तुमचे सासरे दमले? झेपत नसेल तर सांगा, आम्ही त्यांची ऑफिसात सोय करू.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जिभेच्या टोकावर आलेलं मी कसंबसं गिळलं.

“मामा कसले दमतात!” मी म्हणालो. “मीच कमी पडलो, साहेब. दोन कार्ब्युरेटर एका सुरात जुळवायला कान लागतो. माझा आता लागेना. म्हणून एकच बसवून दिला. मामा भयंकर भडकलेत माझ्यावर.”

दुकानात हशा पिकला. साहेबही हसले आणि विषय तिथेच संपला. माझा मात्र सुरू झाला. दोन सिलिंडरची गाडी आणणारं एक जुनं गिऱ्हाईक परस्पर दुसऱ्या गॅरेजात गेलं. घरी बायको म्हणाली, “तुम्हाला जमत नाही? तुम्हाला? लोक काय वाटेल ते बोलताहेत!” मी गप्प. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. माझं गप्प बसणं तिने तापातच पाहिलं होतं.

वाईट वाटलं हो मला. का खोटं बोलू? उभ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट धड येत होती.

मग एका संध्याकाळी मामा स्वतःच चहाच्या दुकानात आले आणि माझ्या शेजारी बसले. मी कप त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माणूस सोन्यासारखा आहे हो आमचा जावई, पण दोन कार्ब्युरेटर काही त्याला जमले नाहीत!”

पुन्हा हशा. मीही हसलो. तेवढ्यात टेबलाखाली त्यांचा उजवा हात माझ्या गुडघ्यावर आला. चार बोटांनी गुडघा घट्ट धरला. अंगठा नुसताच टेकला होता.

आता सकाळी गॅरेज उघडलं की मी आधी कान देतो. बेडकीचा आवाज टेकाडाच्या पायथ्याशी जातो, तिथे जरासा घुटमळतो आणि मग वळतो. मी काम सुरू करत नाही. थोड्या वेळाने कोपऱ्यातला नळ खाकरतो, फसफस हवा सोडतो आणि पाणी येतं. मी हात धुतो आणि शटर पूर्ण वर करतो.