संभाव्य प्रश्न

बेलापूरच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून नजीब वडिलांची शेवटची उजळणी घेत होता.

“शंभरातून सात गेले?”

“त्र्याण्णव.”

“अजून सात?”

“शहाऐंशी. पुढचं एकोणऐंशी. तारीख घ्यायची का?”

नजीबने कागदावर टिक केली. घणसोलीत तो दहावीचे क्लास घेतो. परीक्षा म्हटलं की त्याचा हात आपोआप संभाव्य प्रश्नांकडे जातो. स्मरणशक्तीच्या तपासणीत काय विचारतात ते त्याने नेटवरून उतरवून घेतलं आणि पंधरा दिवस अब्बांकडून घोकून घेतलं.

त्याच्या बायकोने, नफिसाने, पहिल्याच दिवशी त्याला झापलं होतं. “लवकर कळलं तर औषध तरी लागू पडेल. तू आजारालाच पास करायला निघालास!”

पण अब्बा नापास झाले, तर त्यांचं एकट्याने दिवाळे गावच्या बाजारात मासळी आणायला जाणं बंद होणार होतं. घरातून ते ताठ मानेने निघत ते तेवढ्या एकाच कामाला. गेल्या मंगळवारी एकाच सकाळी ते तीनदा बोंबील घेऊन आले. तिन्ही वेळा ताजे, तिन्ही वेळा घासाघीस करून. विसरभोळ्या माणसाला हे जमेल का, असं नजीबने नफिसाला विचारलं. ती फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे काढून जागा करत राहिली.

आत अब्बांनी वार, महिना, साल धडाधड सांगितलं. सातची वजाबाकी दोनपर्यंत नेली; डॉक्टरबाईंना थांबा म्हणावं लागलं.

“आता एक घड्याळ काढा.”

अब्बांनी गोल काढला, आकडे भरले आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवली.

डॉक्टरबाई कागदाकडे बघत राहिल्या. “वेळ अजून मी सांगितलीच नव्हती.”

नजीबने घसा खाकरला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सहज गप्पा माराव्यात तसं विचारलं, “घरी कोण बघतं तुमच्याकडे? मुलगा?”

“नजीब? गुणी आहे. पण त्याला वेळ कुठे असतो!” अब्बांनी शेजारी मान वळवली. “म्हणून तर यांची शिकवणी लावलीये. फार मन लावून शिकवतात.”

पंख्याने टेबलावरचं कागदी घड्याळ उडवलं. ते कुणीच उचललं नाही.

नजीब उठला. अब्बांच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं. ते लावायला तो वाकला, तसे अब्बा संकोचून मागे सरकले.

“राहू द्या, सर.”