मावशींची पुसलेली चाल

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर, नादुरुस्त पंख्याशेजारी धूळ खात पडलेला टेपरेकॉर्डर तो मीच. झाकण तुटलंय माझं, पण ऐकलेलं सगळं आठवतंय.

दुकानातून निघालो तो एका संशोधक बाईंच्या खांद्यावर बसलो. परमुलखातून पोटासाठी आलेल्या माणसांची गाणी त्या गोळा करत. शिवणकामाचे कारखाने, गोदामं, भाड्याच्या खोल्या आम्ही पालथ्या घातल्या. "याचा कान फार तयार आहे," असं त्या चारचौघांत सांगत, तेव्हा मी फुलून जाई.

एका लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशी वाफेत उभ्या राहून गुणगुणत होत्या. बाईंनी फार गळ घातली, तेव्हा कामाची पाळी संपल्यावर त्या गायल्या. बाळाला थोपटताना म्हणायचं गाणं होतं.

"माझ्या आईचं आहे," त्या म्हणाल्या. "मुलूख सुटला, आता ते म्हणणारी मी एकटीच उरलेय. सांभाळाल ना?"

"जिवापाड," बाई म्हणाल्या.

बाईंचा भाचा गाणी रचायचा. त्याने ती टेप माझ्यावर दहादा ऐकली, चाल उचलली आणि वर नाचायचा ठेका चढवला. गाणं असं गाजलं की दुकानादुकानांत तेच. रेडिओवर त्याची मुलाखत लागली, तेव्हा बाईंनी हर्षभराने हाताला लागली ती टेप माझ्यात घातली आणि लाल बटण दाबलं. नवं भरताना जुनं पुसायचं कामही माझंच, मित्रांनो. मी ते चोख केलं.

वर्षभराने मावशी घरी आल्या. कोचाच्या कडेला अवघडून बसल्या.

"नातीला थोपटायला लागले की तोंडात तुमच्या भाच्याचंच गाणं येतं," त्या म्हणाल्या. "आईची चाल हरवली. एकदा ऐकवा, म्हणजे धरून ठेवीन."

बाईंनी टेप लावली. टेपमधून भाचा बोलू लागला, "ही चाल कोणा एकाची नाही, लोकांची आहे."

बाईंनी टेप उलटीसुलटी करून पाहिली. मग त्यांचा हात थांबला.

"असू द्या," मावशी उठत म्हणाल्या. "बोलतो छान तुमचा भाचा."

त्यानंतर बाईंनी मला हात लावला नाही.

माझी धूळ पुसा, मला दुरुस्त करा, असं मी मागत नाही. कोणाचं गाणं घ्याल, तर त्याची पहिली प्रत त्याच्या घरी पोचवा. बटण दाबल्यावर मला नाही म्हणता येत नव्हतं. तुम्हाला येतं.