आईच्या मायेची कांथा

नीलाद्रीबाबूंना जुन्याचं भारी वेड. इतकं, की बोलपूरच्या आसपास एकाही घरात त्यांनी जुनी साडी शिल्लक ठेवली नाही. त्यांची माणसं स्टीलची पातेली घेऊन गावोगाव फिरायची, बदल्यात साड्या आणायची, आणि आम्ही बायका त्यांचे थर टाकून कांथा, म्हणजे पातळ गोधड्या, शिवायचो. मग प्रत्येक कांथेला एक चिठ्ठी लागायची: 'आईच्या मायेची ऊब'. कुणाच्या आईची, हे गिऱ्हाईक विचारत नसे. थंडीत कुडकुडणाऱ्याला कुणाचीही आई चालते.

दुकानाची सुरुवात मात्र बाबूंनी स्वतःच्याच आईपासून केली, हे मान्य करायला हवं. वडील गेले, त्यांच्या आईनं, माशीमांनी, विधवेचं पांढरं थान नेसलं, आणि वर्ष सरायच्या आत बाबूंनी त्यांची पेटी उघडली. "आता तुला रंगीत साड्या काय करायच्यात, मा?" त्या साड्यांची कांथा मीच शिवली. सातासमुद्रापार गेली म्हणे.

आता बाबूंच्या बायकोचे, पियालीचे, दिवस भरत आले होते. पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे माशीमांचा जीव टांगणीला. आमच्याकडे जन्मलेल्या बाळाला सहा दिवस नवं कापड लावत नाहीत, दृष्ट लागते. घरातल्या बाईनं नेसून मऊ केलेल्या कापडाचीच कांथा लागते. ती हवीच, असा त्यांनी हट्ट धरला. पियालीच्या कपाटात सगळ्या जीन्स, आणि साड्या दोन, त्याही करकरीत.

बाबू माझ्या दारात आले. "मानूदी, गावात बघ ना एखादी जुनी साडी."

"गावात पातेली आहेत, दादाबाबू. घरटी एक. बाळाला पातेल्यात निजवायचं का?"

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी नवी सुती साडी आणून दिली. आम्ही ती चहाच्या पाण्यात उकळली, घाटाच्या दगडावर आपटली, उन्हात करपवली. दुकानात ही विद्या हल्ली चालतेच. जुनं संपलं तरी मागणी थोडीच संपते! मी कांथा शिवून दिली.

माशीमांनी ती गालाला लावली. "धुतलंय खूप," त्या म्हणाल्या, "पण नेसलं कुणीच नाही."

त्या आत गेल्या आणि स्वतःचं विरलेलं पांढरं थान घेऊन आल्या. "घरात जुनं म्हणून एवढंच उरलंय. मानू, ह्याचीच शिव."

"विधवेचं कापड? बाळाला?" बाबू ओरडले. "अगं, लोक काय म्हणतील? अपशकुन होईल!"

"शुभ होतं ते तू विकलंस, बाबा."

मला बाबूंचा असा संताप आला, की तिथं थांबले असते तर नको ते बोलले असते. थान उचललं आणि घरी आले. कांथेचा दोरा जुन्या साडीच्या काठातून ओढून काढतात, आणि थानाला तर काठच नसतो. मी सुयांचा डबा उघडला. माशीमांच्या पूजेच्या साडीचा लाल काठ तेव्हा मीच उसवला होता. उरलेला दोरा एका काडीला गुंडाळून ठेवला होता. माझ्याच्यानं जुनं टाकवत नाही, आणि विकवत तर त्याहून नाही.

मुलगी झाली, धडधाकट. माशीमांनी तिला कांथेत गुंडाळलं आणि त्यांचं बोट एका टाक्यावर अडलं. "हा माझ्या काठाचा ना गं?" मी मान डोलावली. त्या रडल्या. मीही रडले.

बाबू वाकून एकटक बघत होते. मला वाटलं, पोरीकडे बघतायत.

"पांढऱ्यावर लाल!" ते म्हणाले. "मानूदी, अशा वीस होतील?"

माशीमांनी वरही पाहिलं नाही. "विधवा मिळतील वीस. त्यांच्या पेट्या उपसणारी वीस पोरं कुठून आणशील?"

बाबूंनी कांथेवरचा हात काढून घेतला. मग कुठे त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं.