फ्रीजकडे दाखवलेलं बोट

"वकील केला असता तर हे सगळं मला समजावत बसावं लागलं नसतं," रिक्षात माझ्या शेजारी बसलेले कोर्टाचे बेलीफ पुटपुटले. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मधूने माझ्याकडून शाळेचे गणवेश शिवून घेतले आणि शिलाई बुडवली. निकाल माझ्या बाजूने लागला तरी पैसे येईनात, तेव्हा सांगलीहून साताऱ्याला खेटे घालून जप्तीची दरखास्त मीच लिहिली. माझ्याकडे शिवणाऱ्या दोघींची मजुरी अजून राहिली होती. आज हुकूम घेऊन आम्ही त्याच्या घरी निघालो होतो.

मधूच्या आईने दार उघडलं. "या बाई. मधू फलटणला गेलाय," म्हणत तिने चहा टाकला. आतल्या खोलीच्या बंद दारामागे पंखा गरगरत होता. आम्ही तिघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

चहा संपल्यावर बेलीफ म्हणाले, "बाई, काय जप्त करायचं ते तुम्हीच दाखवायचं असतं."

मी फ्रीजकडे बोट दाखवलं. मधूची आई उठली आणि फ्रीज रिकामा करू लागली. ओल्या फडक्यातली कोथिंबीर काढली, मग दुधाचं पातेलं. त्याच दुधाचा चहा मी आत्ता प्यायले होते. बोट कुठे लपवावं कळेना, म्हणून पदरात गुंडाळलं.

"राहू द्या मावशी. मी परत येईन."

"परत कशाला?" पातेलं तसंच हातात धरून ती बंद दाराकडे वळली. "फलटणला न्हाई गेला त्यो. आतच बसलाय. मधू, ये रं भाईर."