चौथा ग्लास

ग्लासच्या काठावर कुणाच्या तरी ओठांचा पुसट डाग होता. तो टाळून तिनं एक घोट घेतला... गिळवेना. सोनोग्राफीआधी चार ग्लास प्यायचे आणि लघवी धरून ठेवायची, असं नर्स बजावून गेली होती. धरून ठेवायला तिला कुणी शिकवायला नको – पण पिणं?

कुशीतली कळ पुन्हा उठली. मूत्रपिंड धड निघालं तर पुढच्या महिन्यात जहाजाची कप्तानी, एका बाईकडे पहिल्यांदाच. नाही तर किनाऱ्यावरचं टेबल, फायली आणि सत्कार.

पहिल्या जहाजावर सगळ्या अधिकाऱ्यांत मिळून एकच न्हाणीघर, शौचालयही त्यातच – ती आत गेली की दारावर पाटी लटकायची, ‘आत महिला’, आणि बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळलेले दोघेतिघे उगाच खाकरायचे... बाई कुठे आहेत ते अख्ख्या जहाजाला कळायचं. मग तिनं पाणीच तोडलं. चहा नको, सरबत नको. सुट्टीत घरी आली की आई म्हणायची, चहूकडे पाणीच पाणी आणि ही मेली कोरडी ठणठणीत. म्हणता म्हणता भरलेला पेला पुढे सरकवायची. लेक तो तसाच मागे सरकवायची.

त्या जहाजावरून बदली झाली तेव्हा कप्तान सर्वांसमोर म्हणाला होता, “बाई असून तुमची आम्हाला कधी अडचण झाली नाही.” केवढी फुलून गेली होती ती... पदकं नंतर मिळाली, ती कपाटात आहेत. जपलं ते हे वाक्य.

आणि परवा, तिच्याच हाताखाली येऊ घातलेल्या त्या नव्या पोरीला तिनं कानमंत्र द्यावा तसं सांगितलं होतं – ड्यूटीच्या आधी पाणी कमी पीत जा, हळूहळू सवय होते. पोरगी हुशार, सांगितलेलं लगेच उचलणारी. जेवताना तिनं समोरच्या पाण्याला हातसुद्धा लावला नाही, आणि आपण तिची पाठ थोपटली. खरं तर नव्या जहाजावर बायकांचं न्हाणीघर वेगळं आहे. नकाशावर बोट ठेवून ते मागून घेतलं होतं तेही आपणच. मग ते तेव्हा आठवलं कसं नाही?

चौथा ग्लास संपला. ओटीपोट तटतटलं होतं.

नर्स दारातून डोकावली. “मॅडम, आत अजून एक पेशंट आहे. थोडा वेळ लागेल. होईल ना सहन?”

“होईल,” ती म्हणाली – विचार करायच्या आधीच, नेहमीच्या त्या शांत आवाजात... आणि स्वतःच्याच त्या आवाजाची तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.