डबा कोणाचा

धामणगाव बढ्यात लग्न ठरलं की आधी इंद्रभान फोटोवाल्यांची तारीख घेतली जायची. त्यांची साठी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी आसपासच्या मांडवांत त्यांचाच कॅमेरा दिसायचा. मलकापूरच्या प्रेमानंदने त्यांच्या दुकानात सर्व्हरचा एक काळा डबा बसवून दिला होता. "टीव्ही लावता येते नं, काका? मंग हे बी येते," तो म्हणाला होता. खरंच तसंच निघालं. फोटो डब्यात टाकायचे, लिंक पाठवायची. नवरी पुण्यात असो की सुरतेत, तिच्या मोबाइलवर अल्बम उघडायचा.

अधूनमधून त्यांच्या फोनवर सूचना यायच्या. अपडेट करा, पासवर्ड बदला. 'नंतर' वर बोट ठेवून इंद्रभान पुढच्या साखरपुड्याला निघायचे.

लग्नसराईतल्या एका दुपारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागत होता, तेवढ्यात प्रेरणाचा फोन आला. पिंपळगाव राजाची ही पोरगी, गेल्या साली तिच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते.

"काका, माह्ये हळदीचे फोटो तुमच्यापाशीच होते नं?"

"हाव. काऊन वो?"

"कोणीतरी त्याइच्यावर भलतंच नाव अन् नंबर टाकून नेटवर घाण जागी लावले. माह्या जावेनं दाखवले मले."

"मी कोणाले देल्ले नाही, पोरी. देवाशपथ."

"मले माहीत हाये. मंग गेले कसे?"

शटर ओढून इंद्रभान मलकापूरच्या गाडीत बसले.

प्रेमानंदने आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि सगळे अल्बम समोर उघडले. कोणाच्या हळदी, कोणाची डोहाळजेवणं. इंद्रभानांना घरातलं कपाट रस्त्यावर उघडं पडल्यासारखं झालं.

"डब्यासंगं आला तोच पासवर्ड हाये, काका. हा तर कोणालेबी माहीत असते."

"मंग तू काऊन नाही बदलला?"

"मी बसवून देल्ला. डबा तर तुमचा हाये." तो उद्धटपणे बोलला नव्हता. दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, तो तिकडे वळला.

परतीच्या वाटेवर इंद्रभान मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिले. गाव येईपर्यंत भांडायचंही त्राण उरलं नाही. दुकानात शिरून त्यांनी डब्याची पिन उपटली.

"आता सगळ्याइले सांगा लागते," ते बायकोला म्हणाले.

कौशल्याबाई चमकल्या. "ज्याइले माहीत नाही, त्याइले काह्याले सांगता? धंदा बसन आपला."

हा विचार गाडीत त्यांच्याही मनात आला होता, आणि थोडा वेळ बराही वाटला होता. "उद्या दुसऱ्या पोरीले तिची जाऊ दाखवन," ते एवढंच बोलले.

मग फोन सुरू झाले. स्वतःला अर्धंमुर्धं कळलेलं दुसऱ्याला समजावताना जीव मेटाकुटीला यायचा. कोणी हसलं, "आमच्या पोरीचे फोटो कोण पाह्यते हो?" एका बापाने शिव्या घातल्या, धाकटीच्या लग्नाची सुपारीही परत घेतली. बहुतेक जण 'बरं' म्हणून फोन ठेवायचे, आणि ते सगळ्यात जड जायचं.

मधेच एके दिवशी ते प्रेरणासोबत बुलढाण्याला सायबर पोलिसांत तक्रार द्यायला गेले. तिची सासू गोजरबाईही आली होती, वाटभर खिडकीबाहेर बघत. अधिकाऱ्याने विचारलं, "सर्व्हर कोणाचा?" प्रेमानंदचं नाव इंद्रभानांच्या ओठावर आलं होतं.

"माझा," ते म्हणाले.

त्या जागेवरचे फोटो निघतील, दुसरीकडे कुठे गेले असतील तर सांगता येत नाही, असं कळलं. बाहेर येऊन तिघंही झाडाखाली चहा प्यायली. गोजरबाई पहिल्यांदाच बोलली, "आमच्या घरी पोरीकडे कोणी बोट दाखवलं तर मी हाये. तुम्ही तुमचं पाहा."

"अजून किती जनाइले सांगाचं ऱ्हायलं?" प्रेरणाने विचारलं.

"लय हायेत. पोरी तर मले काही बोलतच नाहीत."

"तुमच्याशी लाजतीन त्या. पोरीइचे नंबर मले द्या. मी बोलते."

इंद्रभानांनी फोन तिच्या हातात दिला आणि बाकावर टेकले. ती तिथेच पहिला नंबर लावत होती.